भिवरा कोष्टिणीचे तीन खण

श्री. आधी नमन धरित्रीस, जी आजवर कोणाच्याच नावे चढली नाही आणि जिच्या अंगावर सर्वांची घरे. दुसरे नमन त्या घरांत नांदून गेलेल्यांस, ज्यांची नावे दफ्तरी राहिली नाहीत. शके सोळाशे ऐंशी, बहुधान्य नाम संवत्सर. नाव बहुधान्य, परंतु धान्य बेताचेच पिकले. त्या वर्षी एका मुलखात एका घराने हात कसा बदलला, तो मजकूर ऐकिला तैसा लिहिला आहे. मुलखाचे नाव लिहावयाचे कारण नाही. जेथे घरे आहेत आणि माणसे मरतात, तो मुलूख तोच जाणावा.

त्या मुलखी थोरल्या महाराजांच्या वेळेपासून खणपट्टी चालत होती. ती ऐसी की, दोन तुळयांमधील जागा तो एक खण, ऐसे घर खणांनी मोजावे, आणि घराचा धनी बदलला, मग विकत असो, बक्षीस असो की वारसा असो, तर त्यातील एक खण सरकारात द्यावा. मग सरकारचे लोक येत आणि मधे कूड घालीत आणि दारास लाखेची मोहर करीत आणि त्या खणात घोड्यांचा कडबा नाहीतर मोडकी खोगिरे भरून ठेवीत. वीस खणांचे घर असेल त्यास एक खण म्हणजे डोईवरचा एक केस. परंतु दोन-तीन खणांत ज्याचा संसार त्याचे अंगच कापले जाई. म्हणोन रयतेने युक्ती धरिली की कागदच करू नये. आजा मरून चाळीस वर्षे जाहाली तरी घर आजाच्याच नावे, आणि कचेरीत नाव पुकारले म्हणजे नातवाने म्हणावे, "हजर आहेत, पण वर." ऐसे होता होता एके दिवशी महाराजांची स्वारी पेठेतून चालली असता सहज पुसिले, हे घर कोणाचे? तो चिटणिसांनी वही पाहून अर्ज केला, अमक्याचे, तो वारला. पुढचे कोणाचे? तमक्याचे, तोही वारला. त्यापुढचे? तेही वारले. ऐसी अवघी आळी वारलेली निघाली, तेव्हा महाराजांनी घोडा थांबविला आणि बोलिले, "नरसोपंत, ही पेठ आहे की मसणवटा? जिवंत माणसे राहतात कोठे?" चिटणीस नरसोपंत मोठे कलमबहाद्दर, परंतु त्या दिवशी खाली पाहते जाहाले. मग माघ महिन्यात हुकूम सुटला की, फाल्गुन अमावास्येपर्यंत जो कोणी आपले घर, मग दफ्तरी नाव कोणा मयताचे का असेना, आपल्या पोटच्या लेकरास कागद करून देईल, त्यास खणपट्टी माफ. आणि दवंडी फिरली, आणि लोक कचेरीकडे धावले.

त्या पेठेत कोष्ट्यांच्या आळीस भिवरा कोष्टीण राहत होती. वय साठीच्या पलीकडे, डोळ्यांत मोतिबिंदू उतरत चाललेला, जीभ मात्र मागावरच्या धोट्यासारखी, या काठावरून त्या काठावर. तिच्या घरी खण विणीत, म्हणजे बायकांच्या चोळीचे, ओटीत नारळासंगे घालतात ते. घर तीन खणांचे: पहिल्या खणात माग, मधल्यात चूल, तिसऱ्यात देव आणि अंथरूण. दादला मागेच गेला. पोटी एकच लेक निंबाजी, तो तीन वर्षांमागे तापाच्या साथीत गेला, आणि मागे राहिली त्याची बायको साळू, मूलबाळ काही नाही. साळूचे माहेरचे न्यावयास आले होते. ती म्हणाली, मागावर अर्धा खण आहे, तो उतरून येते. तो खण उतरला आणि तिने दुसरा चढविला आणि तिसरा चढविला आणि ती गेलीच नाही. भिवरेने पुसिले नाही आणि साळूने सांगितले नाही. परंतु त्या मुलखाची चाल ऐसी होती की, म्हातारी कागद न करता मेली तर घर दादल्याच्या भाऊबंदांकडे जाई. आणि भाऊबंद म्हणजे पुतण्या शिदोजी. हा शिदोजी निंबाजीच्या तेराव्याला आला आणि म्हणाला, "काकी, घराची काळजी करू नका, मी आहे." आणि हे म्हणताना त्याची नजर काकीकडे नव्हती, तुळयांकडे होती, कोणती किडली आहे ते तो पाहात होता. तेव्हापासून भिवरेच्या पोटात एकच गोष्ट रुतली, की मी डोळे मिटण्याआधी घर साळूचे जाहाले पाहिजे, नाहीतर मी गेल्याच्या तेराव्याला साळू रस्त्यावर.

दवंडी ऐकून ती काठी टेकीत कचेरीस गेली. तेथे जुना कारकून बसला होता, त्याने मान वर न करिताच पुसिले, "कोणास देता?" "सुनेला." "सून पोटची नव्हे." "पोटच्याची आहे की." "पोटच्याची आणि पोटची यांत फरक आहे, म्हातारे. हुकुमात 'पोटच्या लेकरास' लिहिले आहे. सुनेस द्यायचे तर द्या, पण एक खण सरकारात. कोणता देता तो ठरवून या." भिवरा म्हणाली, "अहो, तिघांतला कोणता देऊ? मागाचा दिला तर खाऊ काय, चुलीचा दिला तर शिजवू कोठे, आणि देवाचा दिला तर देवाला घोड्याच्या खोगिरावर बसवू का?" मागे रांगेतले लोक हसले, आणि कारकूनही मनाचा वाईट नव्हता, त्याने मग मान वर केली आणि आवाज उतरून म्हणाला, "ऐका. नात्याच्या रकान्यात 'लेक' म्हणून लिहा. तुम्ही लेक म्हटले, तिने आई म्हटले, दोन साक्षी उभ्या केल्या, की जाहाले. मी काही तुमच्या घरी येऊन कोण कोणाच्या पोटचे ते पाहत नाही." भिवरेस हे फार गोड वाटले. वाटेभर ती मनाशी म्हणत आली, लेक तर लेक, नाहीतरी लेकीवाणीच आहे.

घरी येऊन तिने साळूस सांगितले. साळू मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली होती; तिचा धोटा अर्ध्या वाटेत थांबला. ती म्हणाली, "आत्याबाई, लेक लिहाल तर मी तुमच्या लेकाची कोण?" भिवरा म्हणाली, "अगं, कागदापुरतं." साळू म्हणाली, "कागदापुरतंच विचारते. तुमची मी लेक, आणि ते तुमचे लेक. मग ते माझे भाऊ ठरले. सहा वर्षं संसार केला, आत्याबाई. तापात त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले ते काय भावाचं? घर मिळायचं म्हणून मी नवरा परत करू का?" आणि धोटा पुन्हा चालू केला, आणि इतक्या जोराने की दोन तारा तुटल्या. भिवरेच्या ध्यानी आले की घर द्यायला निघाली होती, आणि देता देता लेकाचे लग्न मोडून येत होती. मग ती जात्यापाशी बसली, आणि दळताना तिच्या तोंडी आपोआप आले,

"लेक म्हणाया गेले, लेक माझा आठवला,
कुंकवाचा धनी तुझा, भाऊ कैसा ठरविला, कागदानं."

आणि साळूने मागावरून हूं दिला, आणि त्या गोष्टीचा तेथेच निकाल लागला.

मग दोघींनी ठरविले की सून ती सून, आणि एक खण जाईल तो जाईल. तिसरा द्यावा, देव चुलीपाशी आणावे, आणि निजावे मागाच्या कडेला. शेवटच्या दिवशी, म्हणजे फाल्गुन अमावास्येस, भिवरा पुन्हा कचेरीस गेली. त्या दिवशी गर्दी ऐसी की दाराच्या चौकटी हालत होत्या, आणि जुन्या कारकुनाच्या मदतीस नवे कारकून बसविले होते, त्यांत अंताजी म्हणोन एक होता, खालच्या मुलखातून नुकता आलेला. तिकडे घर खोल्यांनी मोजीत. खण म्हणजे त्यास चोळीचा खण इतकेच ठाऊक. त्याने पुसिले, "आजीबाई, काय द्यायचे?" "माझे तीन खण आहेत, ते सुनेच्या नावे करायचे." "तीन खण?" "तीनच. आमच्या दोन पिढ्यांची कमाई तेवढीच." अंताजीने तिच्या बोटांकडे पाहिले, ती मागावर घासून काठीसारखी कडक जाहालेली, आणि त्याच्या मनी आले की म्हातारी किती साधी, तीन चोळ्यांच्या कापडाचाही कागद करून देते. त्याचे डोळे भरून आले. भिवरा म्हणाली, "आणि त्यातला एक सरकारात द्यायचा ना? तो तिसरा घ्या." तेव्हा अंताजी म्हणाला, "छे छे, आजीबाई! खणावर कसली पट्टी? सरकार काय बायकांच्या ओटीत हात घालील? माफ." आणि त्याने लिहिले: देणार भिवरा कोष्टीण, घेणार सून साळू, वस्तू तीन खण, पट्टी माफ. आणि मोहर केली. भिवरेस वाटले की महाराजांनी हुकूम फिरविला. तिने त्याच्या डोक्यावरून हात ओवाळून बोटे मोडली आणि घरी येऊन आळीभर सांगितले, आणि आळीने त्या दिवशी साळूच्या दारी गूळ खाल्ला.

ही गोष्ट, कारकुनाच्या ओटीच्या बोलासुद्धा, शिदोजीच्या कानी गेली, आणि घोटाळा कोठे जाहाला ते त्याने ताडिले. तो दुसऱ्या दिवशी, म्हणजे ऐन पाडव्यास, लोक गुढ्या उभारीत असता, थेट नरसोपंतांच्या दारी उभा राहिला आणि म्हणाला, माझ्या काकीने सरकारास फसविले. घर दिले आणि कापड लिहिले. चिटणिसांनी कागद आणविला, वाचिला, आणि त्यांचा चेहरा पांढरा जाहाला. मग भिवरेस हुजुरात बोलाविणे आले.

दरबार भरला. महाराज गादीवर, बाजूस नरसोपंत, समोर अंताजी, एका अंगास शिदोजी नवे पागोटे बांधून, आणि मध्ये भिवरा व तिच्या मागे साळू. महाराजांनी पुसिले, "बाई, खण म्हणजे आपण काय दिलेत? चोळीचे की घराचे?" या प्रश्नाचे मर्म सर्व जाणत होते. चोळीचे म्हणावे तर फसवणुकीचा बोल सुटतो, परंतु घर साळूचे होत नाही. घराचे म्हणावे तर कागद खोटा आणि म्हातारी गुन्हेगार. शिदोजी हळूच म्हणाला, "काकी, चोळीचे म्हणा की. मोकळ्या व्हाल." भिवरेने त्याच्याकडे पाहिले आणि मग महाराजांस म्हणाली, "घराचे दिले, महाराज. चोळीचे खण तिला कशाला देऊ, ते तीच विणते." दरबारात कोणी तरी फिसकन हसले. भिवरा पुढे म्हणाली, "मी फसवलं नाही. मी एक खण द्यायलाच आले होते. हे लेकरू म्हणालं माफ. सरकारी माणूस माफ म्हणाला तर रयतेनं 'नाही, घ्याच' म्हणून भांडावं का?" अंताजीस महाराजांनी पुसिले, त्याने खरे ते सांगितले, की मला शब्द कळला नाही. नरसोपंतांनी कचेरीत चौकशी करून सर्व जाणले होते, ते रागे भरून बोलिले, "आणि जुन्या कारकुनाने लेक लिहावयाची वाट दाखविली होती, ती का धरिली नाही? इतका घोळ तरी जाहाला नसता." भिवरा म्हणाली, "पंत, लेक लिहिली असती तर माझ्या लेकानं सख्ख्या बहिणीशी लग्न केलं ऐसं तुमच्या दफ्तरात राहिलं असतं. तुमचं दफ्तर म्हणे हजार वर्षं टिकतं." यावर महाराज गादीच्या काठाची जर बोटाने चाचपीत राहिले.

मग महाराजांनी पुसिले, "नरसोपंत, आपण हुकुमात 'पोटच्या' का लिहिले?" पंत म्हणाले, "स्वामी, पट्टी धनी बदलण्याची आहे. बापाचे घर लेकरास गेले तर हात बदलला ऐसे होत नाही. ज्या हाती होते त्याच हाती राहिले. म्हणोन माफी. परक्याच्या हाती गेले तर पट्टी." भिवरा ऐकत होती. ती म्हणाली, "मग पंत, येऊन बघा. माझं घर कुणाच्या हाती आहे ते मला सांगू नका, घराला विचारा." हे बोलणे महाराजांस मानवले. त्यांनी दोन पंच नेमिले, एक सावकार आणि एक वैद्य, दोघेही पोक्त, आणि त्यांसंगे नरसोपंतांस स्वतः पाठविले.

पंच आळीस आले. लोकांस पुसिले, हे घर कोणाचे? कोणी म्हणाले भिवराकाकूंचे, कोणी म्हणाले साळूचे, आणि समोरचा तेली म्हणाला, "दोघींचं. त्या भांडतात तेव्हा आम्हांला कुणाचा आवाज कुणाचा ते ओळखू येत नाही." यावरून निकाल होईना. तेव्हा वैद्यबोवांनी एक युक्ती केली. साळूस म्हणाले, तू बाहेर तेल्याच्या ओट्यावर बैस, आणि भिवरेस आत नेऊन म्हणाले, "बाई, मला घोटभर ताक हवे, त्यात मीठ घाला." भिवरा लगबगीने चुलीपाशी गेली. ताकाचे मडके सापडले. मिठाची बरणी जेथे असायची तेथे हात घातला, तेथे हळद. बाजूस चाचपले, तेथे मेथ्या. फळीवर, शिंक्यात, कोनाड्यात. पंच पाहात उभे. भिवरेच्या कपाळी घाम आला, आणि शेवटी ती उभी राहिली आणि म्हणाली, "मीठ... साळूला विचारा." वैद्यांनी साळूस हाक मारिली, ती आली, मीठ एवढेच ऐकून, पंचांकडे तोंड करून, मागे हात नेला आणि मिठाचे गाडगे काढून दिले. "दोन वर्षं झाली, इथं ठेवते," ती म्हणाली, "तिकडं ओल येत होती." पंचांनी एकमेकांकडे पाहिले आणि पंतांनी तेथेच लिहिले की, धनीण म्हणविते तीस मीठ सापडत नाही, आणि सून न पाहता काढून देते, सबब या घराने हात मागेच बदलला आहे, कागद काय तो मागाहून येत आहे.

पंच गेले. आळी हसली आणि गलका केला, आणि साळूने वैद्यांचे उष्टे भांडे विसळले. परंतु भिवरा तशीच चुलीपाशी बसून राहिली. चाळीस वर्षे ज्या भिंती तिने पोतारल्या, त्या भिंतींनी तिला आज परके केले होते, आणि तेही कोणास न सांगता, बरणी बरणीने. तिला आठवेना की आपण शेवटचे मीठ कधी काढिले. तिला वाटले होते की आपण काही देतो आहो. आता कळले की दिलेले कधीच गेले, आणि आपण नुसते 'दिले' म्हणावयाचे राहिलो आहो. तिला थोडे वाईट वाटले आणि थोडे हलकेही वाटले, आणि कोणते अधिक ते तिचे तिलाच उमगेना. मग साळू येऊन म्हणाली, "आत्याबाई, जेवायला घेता ना?" आणि तिने नुसती मान हालविली.

महाराजांनी पंचांचा लेख वाचिला आणि हुकुमात एक कलम वाढविले की, मयत पुत्राची स्त्री, जी घर धरून राहिली, तीस पोटच्याप्रमाणे माफी. मात्र नाते सून ऐसेच लिहावे, लेक म्हणोन लिहू नये. आणि माफीची मुदतही वाढविली. आणि अंताजीस शिक्षा म्हणाल तर इतकीच, की त्याने एक महिना पेठेत फिरून प्रत्येक वस्तूस या मुलखात काय म्हणतात ते शिकावे. परंतु नरसोपंतांनी हात जोडून अर्ज केला, "स्वामी, हुकूम मागे चालत नसतो. बाईचा पहिला कागद चुकीचा, तो रद्द. नवे कलम चारी पेठांत दवंडी फिरून नवव्या दिवशी चालू होईल. त्या दिवशी बाईने पुन्हा द्यावे." महाराज म्हणाले, तैसेच करा. मग शिदोजीने मनाशी नऊ दिवस मोजिले, कारण पंच येऊन गेल्यापासून भिवरेस ताप भरला होता.

ते नऊ दिवस भिवरेने कसे काढिले ते ती जाणे. उन्हाळा लागला होता, पत्रावळीसारखे अंग वाळले होते, आणि वैद्यबोवा ताकाची लाज राखून रोज येऊन काढा देत होते. साळू खण विणीना, उशाशी बसे. भिवरा म्हणे, "जा, मागावर बस. मी मरत नाही. नवव्या दिवसाआधी मेले तर तुझ्या सासऱ्याला तोंड दाखवता यायचं नाही." शिदोजी रोज सकाळी येऊन उंबऱ्याबाहेरून पुसे, "काकी, बरं वाटतंय का?" भिवरा आतून म्हणे, "बरं वाटतंय रे. तुला कसं वाटतंय?" सातव्या दिवशी तिची शुद्ध गेली. साळूने कानाशी तोंड नेऊन हाका मारल्या, आत्याबाई, आत्याबाई, आणि म्हातारी काही बोलेना, तेव्हा साळू म्हणाली, "नका देऊ घर. मला नको. नुसतं बोला." आणि असे ती तिन्हीसांजेपर्यंत म्हणत राहिली. आठव्या दिवशी सकाळी भिवरेने डोळे उघडिले आणि पहिला शब्द बोलिली, "नको म्हणालीस ना काल? ऐकलं मी. आता तर देतेच." मग साळू हसली आणि रडली, आणि शिदोजी त्या दिवशी विचारपूस न करिताच परत गेला.

नवव्या दिवशी नरसोपंत स्वतः दफ्तर घेऊन घरी आले, कारण म्हातारीस चालवत नव्हते. बरोबर अंताजी, त्याने नऊ दिवसांतच खुंटीपासून खुराड्यापर्यंत सर्व नावे पाठ केली होती. आळी सारी लोटली, आणि शिदोजीही एका कडेस उभा होता. अंताजीने लिहिले: वस्तू, राहते घर, तीन खण, आणि नात्याच्या रकान्यात सून, आणि सुनेपुढे हुकुमाने पट्टी माफ, ऐसे त्या दफ्तरात पहिल्यानेच लिहिले. भिवरेने अंगठा केला, साळूने अंगठा केला. मग पंत म्हणाले, "आता ताबा. रिवाज आहे, बाई. देणाराने घराबाहेर व्हावे, आणि घेणाराने बोलाविल्यावाचून पुन्हा आत येऊ नये. त्यावाचून देणे पुरे होत नाही." दोन बायकांनी हात धरून भिवरेस बाहेर आणिले आणि ओट्यावर बसविले. साळू आत गेली. आणि आत काही आवाज येईना.

भिवरा ओट्यावर बसली होती आणि तिच्या पाठीस दार होते. चाळीस वर्षांत ती त्या ओट्यावर पुष्कळ बसली होती, परंतु बाहेरची म्हणोन कधी बसली नव्हती. तिने आत कान दिला. डबे वाजले, मग थांबले. शिदोजी पुढे सरकून गोड आवाजात म्हणाला, "काकी, नाही बोलावलं तर माझ्याकडं चला बरं. रक्ताचं ते रक्ताचं." लोक चुळबुळले. भिवरेच्या जिभेस प्रथमच काही सुचेना. तिला वाटले, दिले ते दिले; न बोलावील तर तोही तिचाच अधिकार. आणि हे मनात आले तैसे तिने पदर सावरून घेतला, जसा परक्याच्या दारी बसल्यावर सावरतात.

इतक्यात साळू दारात आली. हातात काठोकाठ भरलेले माप. ते तिने उंबऱ्यावर ठेविले आणि म्हणाली, "तांदूळ नव्हते, जोंधळे भरले. आत्याबाई, या." आळीच्या बायकांस आधी कळेना, आणि कळले तेव्हा एकदम गलका जाहाला. भिवरा दाराकडे वळून पाहात राहिली, आणि मग तिची जीभ परत आली. ती म्हणाली, "मेले, या गुडघ्यांनी माप लवंडू की मीच लवंडू?" साळू म्हणाली, "लवंडा. मी आहे धरायला." मग बायकांनी तिला उभी केली, आणि तेलीण म्हणू लागली,

"सुनेच्या घरामंदी सासू आली नांदायाला,
माप ठेविलं गं दारी, कोण आलं सांडायाला, म्हातारपणी."

भिवरेने उजवा पाय पुढे केला आणि माप लवंडले आणि जोंधळे चुलीपर्यंत गेले. बायका ओरडल्या, नाव घ्या, काकू, नाव घेतल्यावाचून आत सोडणार नाही! भिवरा म्हणाली, "ज्याचं नाव घ्यायचं तो कधीच गेला," आणि क्षणभर थांबली, आणि मग साळूचा खांदा धरून म्हणाली, "मागाला दोन पाय, धोट्याला एक वाट, साळूबाईच्या घरात आले, आता वाढा मला ताट." नरसोपंत कलम कानावर ठेवून पुष्कळ वेळ दुसरीकडे पाहात राहिले. अंताजीने वहीत लिहिले, ताबा दिला; आणि शिदोजी केव्हा गेला ते कोणी पाहिले नाही.

पुढील वर्तमान थोडके. त्या वर्षी त्या मुलखात सातशे घरांनी कागद केले आणि सातशे मेलेली माणसे घरांच्या ओझ्यातून मोकळी जाहाली. भिवरा त्यानंतर दोन वर्षे आणि काही महिने साळूच्या घरी राहिली. भांडणे पूर्ववत होत राहिली. परंतु पूर्वी ती रागाने म्हणे, "चालती हो माझ्या घरातून," ते आता म्हणता येईना, म्हणोन म्हणे, "जाते मी तुझ्या घरातून," आणि तुळशीपर्यंत जाऊन परत येई. मजकूर जाहाला तो इतका. चुकले असेल ते लिहिणाराचे, खरे असेल ते त्या दोघींचे.